दोन खात्यांमधला प्रश्न

भूजीवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा विषय निघाला की पुरोगामी वर्तुळातही एक शेरा हमखास ऐकू येतो: पोटाला भाकरी नाही तिथे दगडांतल्या जीवाणूंची चैन कशाला? प्रश्न बिनतोड वाटतो. पण त्याचे उत्तर बंगालच्या खेड्यांनी आपल्या देहावर सोसून दिलेले आहे.

गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशात तळ्यांचे दूषित पाणी पिऊन माणसे, विशेषतः मुले, पटकी-अतिसाराने मरत. त्यावर उपाय म्हणून १९७०च्या दशकापासून लक्षावधी कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू निःसंशय चांगला होता. १९८३ साली पश्चिम बंगालमधील रुग्णांच्या त्वचेवरील डागांत आणि तळहातांच्या घट्ट्यांत कलकत्त्याच्या डॉक्टरांना आर्सेनिकची विषबाधा दिसली. पुढे बांगलादेशातही तेच आढळले; कोट्यवधी लोक ते पाणी पीत होते. हे विष कोण्या कारखान्याने ओतले नव्हते. हिमालयातून वाहत आलेल्या गाळातील लोहाच्या ऑक्साइडांना ते चिकटलेले होते. प्राणवायूविना जगणारे जीवाणू गाळातील सेंद्रिय द्रव्यावर पोसताना त्या लोहाचे रूप पालटतात आणि आर्सेनिक पाण्यात उतरते. पाण्यात रोगजंतू आहेत काय, हे तपासले गेले; पाणी किती खोल लागते, हेही पाहिले गेले. जमिनीखालचे जीवाणू गाळाचे काय करतात, हा प्रश्न मात्र कोणाच्याच खात्यात नव्हता.

ही खातेवाटणी आजही शाबूत आहे. संशोधनवृत्तीसाठी सीएसआयआर-नेट परीक्षा देणाऱ्याने भूविज्ञान तरी निवडावे किंवा जीवविज्ञान तरी. दोहोंच्या सीमेवर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला स्वतंत्र प्रश्नपत्रिका नाही. वास्तविक ही परंपरा आपल्याला परकी नाही. बिरबल साहनी हे वनस्पतिशास्त्रज्ञ. पण दख्खनच्या लाव्हाथरांमधील वनस्पतींच्या जीवाश्मांवरून त्यांनी खडकांच्या वयाचा वाद लढवला आणि १९४६ साली लखनौला अशा अभ्यासाची संस्था स्थापन केली.

तेलकंपन्यांनी हे ज्ञान कधीच चैन मानले नाही. विहीर कोठे खणावी हे ठरवण्यासाठी सूक्ष्म जीवाश्मांचे जाणकार त्यांनी पगार देऊन बाळगले. मग ज्यांना पिण्याच्या पाण्याची विहीर खणायची आहे, त्यांनीच ते अनावश्यक का म्हणावे?

म्हणून आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. सार्वजनिक विद्यापीठांत भूशास्त्र व जीवशास्त्र विभागांनी संयुक्तपणे हा अभ्यासक्रम चालवावा. क्षेत्रभेटी व प्रयोगशाळेचा खर्च विद्यार्थ्याच्या माथी न मारता सार्वजनिक निधीतून व्हावा. अन्यथा शेतमजुराचा मुलगा या शास्त्राच्या दारातूनच परतेल. आणि ज्या गावच्या पाण्याचे नमुने घेतले, त्या गावच्या ग्रामसभेत निष्कर्ष लोकभाषेत वाचले जावेत. हे मागायचे सोडून आपण या शास्त्रालाच नाके मुरडत बसलो, तर ते बंद पडणार नाही. ते फक्त धनवानांच्या चाकरीला जाईल.