ओले धान्य वर ठेवा

घाटकोपर पश्चिमेला आमच्या इमारतीत एक चाची राहतात. त्यांच्या मरहूम पतीचा स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर फोटो स्टुडिओ होता. एसएससीच्या फॉर्मचे फोटो, रेशन कार्डाचे फोटो, निकाहनंतरचा दोन्ही घरांचा ग्रुप फोटो, सगळे तिथे निघायचे. कॉलेजच्या सुट्ट्यांत मी चाचांच्या डार्करूममध्ये बसायचो. त्यांचा डबल लेन्सचा रोलीफ्लेक्स मी हाताळला आहे, म्हणून पुढचे लिहिण्याचा मला थोडा तरी हक्क आहे.

गेल्या पावसाळ्यात चाचींनी तो कॅमेरा विकला. घेणारा तरुण सुशिक्षित, गोड बोलणारा, जुन्या कॅमेऱ्यांचा शौकीन. त्याने टॉर्च मारून लेन्स पाहिली आणि सांगितले, "चाची, हा डुप्लिकेट आहे. ओरिजिनलवर कार्ल झाइस लिहिलेले असते, यावर झाइस-ऑप्टन आहे. बॉडीचा नंबर वेगळा, लेन्सचा वेगळा. शोपीस म्हणून साडेतीन हजार देतो." चाचींनी दिला. दोन महिन्यांनी तोच कॅमेरा मी विक्रीच्या जाहिरातीत पाहिला. मागच्या झाकणाच्या आत चाचांनी उर्दूत कोरलेले स्वतःचे नाव फोटोत स्पष्ट दिसत होते. किंमत बेचाळीस हजार. वर्णन असे: मुंबईच्या जुन्या स्टुडिओतला, मूळ अवस्थेतला, अस्सल झाइस-ऑप्टन लेन्ससह.

चाचींनी मला एवढेच विचारले, "सर, फिर वो नकली था के असली?"

चाची, तो असली होता. नकली होते ते त्या माणसाचे बोलणे.

त्याने दाखवलेले दोन्ही "दोष" आधी तपासून घेऊ. रोलीफ्लेक्स १९२९ साली जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात फ्रांके आणि हायडेके यांच्या कारखान्यात तयार झाला. हा कारखाना बॉडी बनवायचा. लेन्स झाइस किंवा श्नायडर कंपनीकडून यायच्या. दोन कारखाने, दोन वह्या, दोन नंबर. ते जुळत नाहीत, जुळायचे कारणही नाही. आता नावाचे पाहू. युद्धापूर्वीच्या लेन्सवर "कार्ल झाइस येना" असे असायचे. युद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली आणि येना पूर्वेकडे राहिले. पश्चिमेला ओबरकोखेन येथे झाइसचा नवा कारखाना उभा राहिला, त्याच्या सुरुवातीच्या लेन्सवर "झाइस-ऑप्टन" हे नाव आले. पुढे तिथल्या लेन्सवर नुसते "कार्ल झाइस" येऊ लागले. म्हणजे ऑप्टन हे नाव कॅमेऱ्याचा काळ सांगते, खोटेपणा नाही. उलट साठच्या दशकातल्या २.८ एफ मॉडेलवर कोणी "येना" कोरलेली लेन्स दाखवली, तर तिथे थांबून प्रश्न विचारावा.

त्या तरुणाला हे ठाऊक नव्हते असे समजू नका. जाहिरातीत त्यानेच ते अभिमानाने लिहिले होते. घेताना जो दोष होता, तोच विकताना गुण झाला.

नाव आणि नंबर जुळत नाहीत म्हणून माणसाला नकली ठरवणे आपल्या वाचकांना नवे नाही. शाळेच्या दाखल्यावर शेख, आधारवर शैख, बापाच्या रेशन कार्डावर तिसरेच. असा कागद घेऊन खिडकीपुढे उभ्या राहिलेल्या पालकाचा चेहरा मी शिक्षक म्हणून अनेकदा पाहिला आहे. लिहिणारे कारकून वेगवेगळे होते, एवढेच त्याचे कारण असते. पण कारण माहीत असलेला माणूस गप्प बसला की समोरच्याला आपणच गुन्हेगार वाटू लागतो. चाचींना तसेच वाटले. नवऱ्याने आयुष्यभर नकली कॅमेरा वापरला, अशी शरम त्या दोन महिने मनात घेऊन होत्या. साडेअडतीस हजारांपेक्षा हे नुकसान मला मोठे वाटते.

आता आपल्याच लोकांकडे वळतो. फक्त दुसऱ्यांची तक्रार करून उठायचे, हा माझा स्वभाव नाही.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने लग्नाच्या फोटोंच्या कमाईतून शहरातल्या एका दुकानातून याशिका मॅट १२४ जी घेतला. दुकानदार आपलाच, पाच वक्त नमाजी. घरी आल्यावर पाहतो तर काळा रंग ब्रशने दिलेला, स्क्रूच्या खाचांमध्येही भरलेला. याशिका मॅट १२४ हे १९६८ चे मॉडेल, त्याच्या कडा चंदेरी. १२४ जी १९७० साली आले, त्याच्या कडा काळ्या आणि मीटरच्या जोडण्यांना सोन्याचा मुलामा; जी म्हणजे गोल्ड. लेन्स दोन्हींची तीच, ८० मिलिमीटरची याशिनॉन. जुन्या १२४ ला काळे फासून, पाटी बदलून तो जी म्हणून खपवला होता. मुलगा म्हणाला, "सर, १२४ म्हणून सांगितले असते तरी मी घेतला असता. फोटो तसेच येतात." परत करायला गेला तेव्हा उत्तर मिळाले, "सेकंड हँड माल आहे, बघून घ्यायचा होता."

या उत्तराशीच माझे भांडण आहे. "घेणाऱ्याने बघून घ्यावे" हे वाक्य आपल्या बाजारात शरियतचा नियम असल्यासारखे फेकले जाते. शरियत काय म्हणते? सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा यांनी सांगितलेला प्रसंग सर्वांना माहीत आहे. प्रेषित (स.) बाजारात धान्याच्या ढिगाजवळ थांबले, ढिगात हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. त्याला विचारले गेले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही? आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले गेले. लक्षात घ्या, पाऊस हा गुन्हा ठरला नाही, ओले धान्य विकणेही ठरले नाही. गुन्हा ठरला तो लपवण्याचा. फिकहमध्ये लपवलेला ऐब निघाल्यावर सौदा मोडण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. आपल्याकडे कोकणी शाफई आहेत, दख्खनी हनफी आहेत, तपशिलात मतभेद आहेत. पण माहीत असलेला ऐब लपवावा असे कोणीच म्हणत नाही.

घेणाऱ्यालाही सूट नाही. सूरह मुतफ्फिफीन माप मारणाऱ्यांविषयी आहे. त्यात दोषी कोण? लोकांकडून घेताना माप पुरेपूर घेणारा आणि देताना कमी देणारा. चाचींच्या घरात बसून ऑप्टनला दोष म्हणणारा आणि जाहिरातीत त्याचेच भांडवल करणारा माणूस यात अगदी नेमका बसतो.

एक युक्तिवाद मला ऐकवला जातो: "आम्ही वर्षानुवर्षे अभ्यास केला, त्या ज्ञानाची किंमत घेऊ नये का?" जरूर घ्या. तपासणीची फी सांगा, नफा ठेवा, भावात घासाघीसही करा. घासाघीस हराम नाही. पण अभ्यास वापरून खोटे बोललात, तर ती ज्ञानाची किंमत नव्हे, समोरच्याच्या अज्ञानाची लूट आहे.

दुसरी एक मंडळी आहेत, शुद्धतेची वेडी. एक स्क्रू बदललेला दिसला की यांच्या लेखी कॅमेरा बाद, आणि तो दुरुस्त करणारा कारागीर "चोर बाजारवाला". यांनी थोडा इतिहास आठवावा. १९९१ पूर्वी परदेशी माल आणायला परवाने लागत, सुटे भाग सहज मिळत नसत. एका मेलेल्या कॅमेऱ्याचे शटर दुसऱ्यात बसवून कारागिरांनी मुंबईचे स्टुडिओ चालते ठेवले. उपनगरातल्या कित्येक घरांत आई-वडिलांच्या लग्नाचा जो एकुलता एक फोटो आहे, तो अशाच जोडलेल्या कॅमेऱ्यातून निघाला असेल. दुरुस्ती म्हणजे नक्कल नव्हे. चामडे नवे लावले तर "नवे लावले" म्हणा, बस. रशियन लुबिटेल, चिनी सीगल हेही आपल्या नावाने उभे असलेले सच्चे कॅमेरे आहेत. त्यांच्यावर दुसऱ्याची पाटी ठोकली, तरच खोटेपणा सुरू होतो.

ज्यांच्या कपाटात असा कॅमेरा आहे, त्यांनी विकण्यापूर्वी एवढे स्वतः पाहावे. रोल फिरवायला घडीची दांडी असेल तर तो रोलीफ्लेक्स, गोल गुंडी असेल तर स्वस्तातला रोलीकॉर्ड; अगदी पहिली काही वर्षे सोडली तर ही खूण बहुतेक वेळा खरी ठरते. २.८ एफ म्हणून सांगत असतील तर फिल्टर अडकवायची कडी पाहा, ती तीन नंबरच्या मोठ्या मापाची हवी. पाटी बदलता येते, कडीचे माप नाही. लेन्समध्ये टॉर्च मारा. मुंबईच्या दमटपणात जाळ्यासारखी बुरशी धरते. एक सेकंदाचे शटर लावा. अडकते का ते ऐका. मग मागचे झाकण उघडा, शटर बी वर ठेवून दाबून धरा आणि रोलच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून लावा. दूरची इमारत वरच्या काचेवर आणि खालच्या कागदावर एकाच वेळी स्पष्ट दिसली, तर दोन्ही लेन्सची जोडी बरोबर आहे. नाही दिसली, तर काहीतरी बदलले किंवा सरकले आहे. हे सगळे कागदावर लिहा, गुण आणि ऐब दोन्ही, आणि तो कागद कॅमेऱ्यासोबत द्या.

चाचींचा कॅमेरा परत येणार नाही. मी त्या जाहिरातदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "सौदा झाला होता." त्या दुकानदारानेही माझ्या विद्यार्थ्याला पैसे दिले नाहीत. दोघांचा धर्म वेगळा, दोघांचे वाक्य एकच. पहिल्याला मी काय सांगणार? पण दुसरा माझ्याच सफमध्ये, माझ्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो. त्याला मी दर जुम्याला विचारणार आहे: भाईजान, त्या मुलाचे पैसे कधी देताय?