विंडोज की लिनक्स? मोठ्या कंपनीच्या सर्व्हरसाठी खरा प्रश्न वेगळाच आहे

१९ जुलै २०२४ आठवतोय? विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले जात होते. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले होते. 'लिनक्स वापरा, सुखी राहा' अशा पोस्टही लगेच सुरू झाल्या. पण ही निवड इतकी सोपी आहे का?

लिनक्स असतं तर वाचलो असतो?

त्या दिवशी, हो. पण त्याच्या काही महिने आधी याच कंपनीच्या सॉफ्टवेअरमुळे लिनक्सचे काही सर्व्हरही कोसळले होते. असं सॉफ्टवेअर सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये काम करतं. तिथे चूक झाली की कोणतीही सिस्टिम आडवी होऊ शकते.

फुकट म्हणजे स्वस्त?

विंडोज सर्व्हरचे पैसे प्रोसेसरच्या कोअरवर ठरतात. एका सर्व्हरला किमान १६ कोअरचं लायसन्स घ्यावं लागतं. वापरणाऱ्यांचं लायसन्स वेगळं. म्हणून अनेक कंपन्यांनी सेंटओएस हे मोफत लिनक्स निवडलं. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार होते. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने ही मुदत थेट २०२१ अखेरपर्यंत आणली. मग धावपळ सुरू झाली: अल्मा, रॉकी की पैसे भरून रेड हॅट?

अपडेट थांबले तरी सर्व्हर चालतोच. पण नवी त्रुटी सापडली तर ती दुरुस्त करून देणारं कुणी उरत नाही. विंडोज सर्व्हर २०१२ चे नेहमीचे अपडेटही १० ऑक्टोबर २०२३ ला संपले. फरक एवढाच, की ती तारीख कित्येक वर्षं आधी माहीत होती.

भारतीय बँका कशा वाचल्या?

रिझर्व्ह बँकेच्या माहितीनुसार जुलैमधल्या गोंधळाचा किरकोळ फटका फक्त १० बँका आणि वित्तसंस्थांना बसला. कारण हे सॉफ्टवेअर मोजक्याच बँका वापरत होत्या आणि बहुतेक बँकांच्या महत्त्वाच्या यंत्रणा क्लाउडवर नव्हत्या. म्हणजे मुद्दा विंडोज की लिनक्स हा नव्हताच.

मग निवडताना काय विचारायचं?

• अपडेट किती वर्षं मिळणार आणि ती मुदत बदलायचा अधिकार कुणाकडे आहे?
• रात्री दोनला सर्व्हर पडला तर फोन कोण उचलणार?
• नवं अपडेट आधी थोड्या मशीनवर तपासता येतं, की एकदम सगळीकडे जातं?

माळशेज घाटाच्या वाटेवरच्या मढमध्ये यूपीआयने किराणा घेणाऱ्याला बँकेचा सर्व्हर कशावर चालतो हे माहीत नसतं. माहीत असायची गरजही नाही. पण या तीन प्रश्नांची उत्तरं बँकेने आधी शोधली नसतील, तर 'पेमेंट फेल्ड' हा मेसेज त्याच्याच मोबाइलवर येतो.