बागेचा पैसा बागेलाच!

मंडळी, आज जरा चिडूनच लिहायला बसले आहे.

आमच्या उपनगरात गेल्या दहा-बारा वर्षांत इमारतींवर इमारती उठल्या. प्रत्येकीच्या जाहिरातीत हिरवळ होती. प्रत्यक्षात मुलं पार्किंगमध्ये गाड्या चुकवत क्रिकेट खेळतात आणि माझ्या वयाची माणसं रस्त्याच्या कडेने जीव मुठीत धरून फिरायला जातात. सार्वजनिक बागेचं विचारलं की उत्तर ठरलेलं – निधी नाही.

हे उत्तर मला मान्य नाही. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन विकासशुल्क आलं. बांधकामाची परवानगी घेताना बिल्डर ते भरतो आणि सार्वजनिक सुविधांसाठीच्या विकास निधीत ते जमा होतं. नवी घरं आली की नवी माणसं येतात आणि त्यांना मैदान लागतं. म्हणजे ज्याच्यामुळे गरज वाढली त्याने वाटा उचलायचा. तत्त्व अगदी न्यायाचं आहे. पण ‘सार्वजनिक सुविधा’ ही पिशवी फार मोठी! रस्ते, गटारं, पूल सगळं तिच्यात मावतं आणि बाग तळाशी दबून जाते.

शाळेत आम्ही सहलीची वर्गणी गोळा करायचो. त्यातून कोणी हेडसरांच्या खोलीला रंग दिला असता तर? रंगही गरजेचा असेल हो, पण वर्गणी सहलीची! आणि पाचवीच्या पैशावर दहावीचा वर्ग फिरून आला, किंवा पाचवीची सहल ती मुलं शाळा सोडून गेल्यावर निघाली, तर पालक गप्प बसतील का? मग इथे आपण का बसतो?

कॅलिफोर्नियातल्या आमच्या भाचेमंडळींना क्विम्बी कायदा ऐकून माहीत असेल. १९६५ चा आहे. तिथे जमिनीचे प्लॉट पाडून घरं बांधणाऱ्याकडून गावाला बागेसाठी जमीन किंवा तिच्या बदल्यात शुल्क घेता येतं. प्रमाण साधारण हजार माणसांमागे ३ एकर, फार तर ५. शुल्क त्या वस्तीच्या उपयोगी पडेल अशाच बागेवर खर्चायचं आणि पाच वर्षांत त्याचा विनियोग ठरला नाही, तर तिथल्या घरमालकांना परत करायचं! तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पण हिशेबाला जागा आणि मुदत दोन्ही आहेत.

आपल्याकडे असं बांधून घेता येत नाही म्हणावं, तर मेट्रोसारख्या प्रकल्पांसाठी हेच विकासशुल्क दुपटीपर्यंत वाढवण्याची तरतूद कायद्यात केलेली आहे. मेट्रोसाठी जमतं, मग घसरगुंडीसाठी का नाही?

कोणी म्हणेल, बिल्डर हे पैसे गिऱ्हाइकाकडूनच काढणार आणि घरं महागणार. अहो, ते आजही काढले जातात, फक्त त्यांची बाग मिळत नाही. उलट शेजारी बाग असली की ‘गार्डन व्ह्यू’ म्हणून त्याच फ्लॅटचे जास्त पैसे लावतात! दुसरा आक्षेप मात्र रास्त आहे. बागेत जुने रहिवासीही जाणार, मग भार नव्यांवरच का? म्हणून नवी बाग उभारायला नव्या बांधकामांचं शुल्क आणि पुढची देखभाल सगळ्यांच्या मालमत्ता करातून, अशी वाटणी असावी.

‘सोसायटीत आहे की बाग!’ असंही ऐकू येतं. मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते हे खरं. पण ती फाटकाच्या आत. तिथे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईच्या मुलाला झोका मिळत नाही.

यात उशीर परवडणारा नाही. विकास आराखड्यात बागेसाठी आरक्षित असलेली जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि नोटिशीच्या मुदतीतही हालचाल झाली नाही, तर आरक्षण संपतं. पैसा आज नाही तर उद्या येईल. इमारत उभी राहिलेली जमीन परत येत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. शुल्कातला बागेचा वाटा वेगळ्या खात्यात ठेवा, त्याच प्रभागात खर्च करा, पाच वर्षांच्या आत करा आणि हिशेब दरवर्षी फलकावर लावा. तुम्हीही आपल्या प्रभागाचा आराखडा एकदा उघडून पाहा. त्यात बागेच्या आरक्षणाचा तुकडा दिसला, तर त्याला किती वर्षं झाली तेवढं मोजा आणि नगरसेवकाला विचारा.