छातीचा जुना एक्स-रे आणि निनावी सैनिक

जून २०२५ मध्ये रशियाने ६,०००हून अधिक मृतदेह युक्रेनच्या ताब्यात दिले. एकाच देहाचे भाग वेगवेगळ्या पिशव्यांतून आल्याचे तिथल्या सरकारने सांगितले. डीएनए चाचणी असताना नाव सापडायला एवढा वेळ का लागतो, असा प्रश्न पडतो. कोरियन युद्धातील (१९५०-५३) अमेरिकी सैनिकांच्या अवशेषांचे काय झाले, ते पाहिले तर याचे उत्तर मिळते.

ओळख न पटलेले ८००हून अधिक सैनिक हवाई बेटांवरील ‘पंचबोल’ दफनभूमीत पुरले गेले. त्याआधी जपानमधील लष्करी शवागारात अवशेषांवर फॉर्मलडिहाइड असलेली भुकटी टाकली होती. अवशेष टिकावेत हाच हेतू. पण या रसायनाने डीएनए जखडला जातो, त्याचे बारीक तुकडे होतात. १९९९ मध्ये पहिल्या शवपेट्या उघडल्या तेव्हा नेहमीच्या चाचणीतून काहीच हाती लागले नाही. (बर्फाचे उलट असते. १९६८ मध्ये हिमालयात कोसळलेल्या आपल्या हवाई दलाच्या विमानातील चार मृतदेह २०२४ मध्ये सापडले, त्यातील काहींची ओळख जवळच्या कागदपत्रांवरून पटली.)

वाट सापडली ती क्षयरोगाच्या तपासणीमुळे! त्या काळी भरतीच्या वेळी क्षयासाठी छातीचा एक्स-रे काढत. फुप्फुसांसाठी काढलेल्या त्या फिल्ममध्ये कॉलर बोन, म्हणजे गळ्याखालची दोन आडवी हाडे, आपसूक उमटत. त्यांचे वळण, जाडी, स्नायू जोडलेल्या जागचे उंचवटे माणसागणिक वेगळे असतात. अशा हजारो फिल्म लष्कराकडे शिल्लक होत्या. कबरीतले हाड त्या फिल्मशी ताडून पाहत तज्ज्ञांनी एकेक नाव शोधायला सुरुवात केली. रोग शोधायला काढलेला फोटो पन्नास-साठ वर्षांनी असा कामी येईल, हे काढणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल.

२०१६ पासून डीएनएचे अगदी लहान तुकडेही वाचणारी सिक्वेन्सिंग पद्धत जोडीला आली. तरी वाचलेला डीएनए कोणाशी तरी जुळवावा लागतोच. जुन्या हाडांत बहुधा मायटोकॉन्ड्रियातला डीएनए हाती लागतो, कारण पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात. तो फक्त आईकडून येतो. त्यामुळे बेपत्ता सैनिकाच्या बहिणीची मुले नमुना देऊ शकतात, भावाची नाही. घरच्यांना हे समजावून सांगणे सोपे नसते.

माझ्या मते खरी अडचण प्रयोगशाळेत कमी आणि तुलनेच्या नमुन्यात जास्त आहे. अमेरिकेने १९९० च्या दशकापासून सैनिकांच्या रक्ताचे ठिपके कार्डावर जपायला सुरुवात केली, ते त्यासाठीच. युक्रेनमध्ये आज नातेवाइकांचे नमुने घेतले जात आहेत. पण ज्याचे आईवडील हयात नाहीत किंवा ज्याचे घर रशियाच्या ताब्यातील गावात आहे, त्याच्यासाठी नमुना द्यायला येणार कोण?