रविवारचा नाश्ता, शनिवारी रात्री

रविवारी सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास बहुतेक घरांत सारखेच चित्र दिसते. टेबलाशी मंडळी बसलेली असतात, वर्तमानपत्राची पाने वाटून घेतलेली असतात आणि स्वयंपाकघरातून एकामागून एक ऑम्लेट येत असते. पहिले धाकट्याला, दुसरे सासऱ्यांना, तिसऱ्यात मिरची नको, चौथ्यात कांदा जास्त. करणारी मात्र ओट्याशीच उभी. तिच्या वाट्याचे ऑम्लेट तव्यावर पडते तोवर मंडळी हात धुऊन उठलेली असतात आणि तिचा चहा दुसऱ्यांदा गरम करावा लागतो. घावन, डोसे, थालीपीठ, कशाचेही तेच. सर्वांना गरम वाढायचे म्हणजे वाढणारीने गार खायचे, हे इतके अंगवळणी पडले आहे की सुट्टीच्या दिवशी नेमकी सुट्टी कुणाला, असा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही.

पोहे-उपमा एकदम होतात हे खरे, पण ते आठवडाभर झालेले असतात. शिवाय सहा-सात माणसांचे पोहे करायचे तर कांदा चिरण्यापासून लिंबू कापण्यापर्यंतची सगळी धावपळ सकाळीच करावी लागते. ज्या घरी ओव्हन आहे आणि अंडी चालतात, तिथे यावर एक सोपा तोडगा आहे. सगळी तयारी शनिवारी रात्री करून डिश फ्रिजमध्ये ठेवायची आणि सकाळी ती नुसती ओव्हनमध्ये सरकवायची. पाऊण तासात सहा जणांचा नाश्ता एकाच वेळी तयार! तेवढ्या वेळात करणारीची आंघोळ होते आणि वर्तमानपत्राचे एखादे पानही तिच्या हाती लागते.

या पदार्थाला ब्रेकफास्ट कॅसरोल म्हणतात. आपल्याकडे कॅसरोल म्हटले की पोळ्या गरम ठेवायचा डबा डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे नावाने थोडा घोटाळा होतो. मूळ फ्रेंच शब्द पातेल्यासारख्या भांड्याचा. पुढे इंग्रजीत ओव्हनमध्ये ठेवायच्या खोलगट भांड्याला तो लागला आणि मग त्या भांड्यात भाजलेल्या पदार्थालाच. आपण हॉटेलात ‘चिकन हंडी’ मागवतो तेव्हा हंडी कुणी खात नाही, तसेच हे. अमेरिकेत नाताळच्या सकाळी अनेक घरांत हाच बेत असतो. मुले भेटवस्तू उघडण्यात दंग असताना कुणाला शेगडीपाशी अडकून पडायचे नसते. ब्रेडचे थर लावून केलेल्या प्रकाराला तिकडे ‘स्ट्राटा’ म्हणजे थर असेच नाव आहे.

हे भाजण्याचे तंत्र परके वाटायचे कारण नाही. कोबीचे भानोळे, कोकण-गोव्याकडची तवसाची गोड भाकर, गोव्याचे बिबिंक हे सारे वरून निखारे ठेवून भाजायचे पदार्थ. गुजरातेत हांडव्यासाठी खाली वाळूची ताटली असलेले खास भांडे मिळते. ओव्हन म्हणजे वरखाली निखारेच, फक्त फुंकर घालायला नको.

सहा माणसांसाठी साहित्य असे: आदल्या दिवशीच्या ब्रेडच्या 10 स्लाइस किंवा 8 लादीपाव, 6 अंडी, अर्धा लिटर दूध, 100 ग्रॅम किसलेले चीज, 2 मध्यम कांदे, 1 मोठी ढोबळी मिरची, 1 टोमॅटो, 2-3 हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, 1 चहाचा चमचा मीठ, अर्धा चमचा मिरपूड आणि 2 मोठे चमचे लोणी. भांडे सुमारे दोन लिटरचे, पसरट आणि दोन-अडीच इंच खोल असावे.

यातला ब्रेड शिळाच हवा. ताजा, लुसलुशीत ब्रेड दुधात पडला की त्याचा लगदा होतो. शिळ्या ब्रेडमधला स्टार्च घट्ट झालेला असतो, त्यामुळे तो दूध पितो तरी आकार सोडत नाही. ब्रेड फ्रिजमध्ये बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. एरवी ज्याबद्दल कुरकुर करावी, तीच गोष्ट इथे कामाला येते. ब्रेड ताजाच असेल तर त्याचे तुकडे 150 अंशावर दहा-बारा मिनिटे ओव्हनमध्ये सुकवून घ्यावेत किंवा स्लाइस तव्यावर कोरड्याच शेकाव्यात. मात्र शिळा म्हणजे बुरशी आलेला नव्हे. हिरवा ठिपका दिसला की तेवढाच भाग कापून बाकीचा ब्रेड वापरण्याची काटकसर करू नये. बुरशीचे धागे दिसतात त्यापेक्षा आत खोल गेलेले असतात.

रात्री जेवणाची भांडी आवरण्यापूर्वी हे काम उरकावे, म्हणजे चाकू-पाट पुन्हा काढावा लागत नाही. कांदा व ढोबळी मिरची बारीक चिरून एक चमचा लोण्यावर परतावी. परतणे टाळू नये. भाजीतले पाणी इथे आटले नाही तर ते उद्या भांड्याच्या तळाशी साचते आणि खालचा थर गिचका होतो. टोमॅटोच्या बिया आणि रस काढून फक्त गर घ्यावा. पालक घालायचा असेल तर उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळावा, मश्रूम असतील तर पाणी सुटून पूर्ण आटेपर्यंत परतावेत. परतलेली भाजी गार होऊ द्यावी.

भांड्याला उरलेले लोणी लावून ब्रेडच्या तुकड्यांचा अर्धा भाग पसरावा. त्यावर भाजी, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर आणि अर्धे चीज घालून उरलेला ब्रेड वर लावावा. अंडी चांगली फेटावीत, त्यात दूध, मीठ, मिरपूड मिसळून हे मिश्रण सगळीकडे सावकाश ओतावे. चीजमध्ये मीठ असतेच, तेव्हा मिठाचा हात आवरता घ्यावा. वरच्या ब्रेडला हलक्या हाताने दाबावे, म्हणजे तोही भिजेल. भांडे तीन-चतुर्थांशच भरावे, भाजताना मिश्रण फुगून वर येते. उरलेले चीज सकाळसाठी ठेवून भांडे झाकावे आणि फ्रिजमध्ये ठेवून द्यावे. अंडी फेटण्याचे काम घरातल्या कुणालाही जमते. दहा वर्षांचा मुलगा ते आवडीने करतो, आणि त्याच्या वडिलांनाही ते जमायला हरकत नाही.

कच्ची अंडी आणि दूध यांचे मिश्रण रात्रभर बाहेर ठेवणे मात्र आपल्या हवेत धोक्याचे आहे. थंडीचे दिवस आहेत, ओट्यावर राहिले तरी चालेल, असे म्हणू नये. फ्रिज नसेल किंवा रात्री वीज जाण्याची शक्यता असेल तर ब्रेड कापून डब्यात ठेवावा आणि भाजी सकाळीच परतावी. अंडी-दूधही सकाळीच फेटून ओतावे आणि ब्रेड अर्धा तास भिजू द्यावा. रात्रभर मुरलेल्या ब्रेडचा एकजीवपणा येत नाही, पण पदार्थ फसतही नाही.

सकाळी ओव्हन 180 अंशावर दहा मिनिटे तापवून घ्यावा आणि भांडे मधल्या खणात ठेवून 45 ते 50 मिनिटे भाजावे. शेवटच्या दहा मिनिटांत राखलेले चीज वर पसरावे. आधीच घातले तर ते आतला भाग शिजण्यापूर्वीच करपते. वरून तांबूस रंग आला आणि मध्यभागी खुपसलेली सुरी दुधाळ पाण्याशिवाय बाहेर आली की झाले. मध्यभाग अजून किंचित थरथरत असेल तर घाबरू नये. बाहेर काढल्यावरही आतली उष्णता काम करीत राहते. उलट ‘आणखी दहा मिनिटे राहू दे, चांगले भाजेल’ हा मोह नडतो. अंडी गरजेपेक्षा जास्त तापली की घट्ट आवळतात आणि धरलेले पाणी सोडतात. मग केलेला पदार्थ फुटलेल्या दुधासारखा रवाळ लागतो. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी किमान 71 अंश सेल्सिअस दिसायला हवे. इतक्या तापमानाला अंड्यांचा पदार्थ खाण्यास सुरक्षित मानतात. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे थांबूनच वड्या कापाव्यात.

आता भांड्याविषयी. काचेचे भांडे दिसते छान, पण फ्रिजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ते कधीही ठेवू नये. काच एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम झाली की तडकते. ओव्हनच्या काचेच्या भांड्यांचा उगमच एका फुटलेल्या कॅसरोलमध्ये आहे. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावी बेसी लिटलटन नावाची गृहिणी राहत होती. तिचे मातीचे कॅसरोल थोड्याच वापरात तडकले. नवरा जेसी लिटलटन कॉर्निंगच्या काचकारखान्यात शास्त्रज्ञ होता आणि तिथे उष्णता सोसणारी काच बनत असे. तिने त्याला त्या काचेचे काहीतरी आणायला सांगितले. त्याने बॅटरीसाठी बनवलेल्या काचेच्या बरण्यांचे कापलेले तळ आणून दिले आणि बेसीने त्यात केक भाजला. ही गोष्ट 1913 सालची. भांडे फुटले नाही, केकही सगळीकडून सारखा भाजला गेला. 1915 मध्ये कारखान्याने ‘पायरेक्स’ नावाने स्वयंपाकाची भांडी बाजारात आणली. प्रयोगशाळेत इतके शिकलेले लोक असताना ही काच ओव्हनमध्ये घालून पाहायचे सुचले ते भांडे फुटल्याने खोळंबलेल्या बाईला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तरीही उष्णता सोसणाऱ्या काचेला अकस्मात बदल सोसत नाही. भांडे ओव्हन पेटवण्याच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी फ्रिजबाहेर काढावे. भाजून झाल्यावर ओल्या ओट्यावर न ठेवता लाकडी पाटावर किंवा दुमडलेल्या कोरड्या फडक्यावर ठेवावे. घाईचे घर असेल तर ॲल्युमिनियमचा केकचा साचा बरा. त्याला ही भीती नाही. मायक्रोवेव्ह वापरणाऱ्यांनी कन्व्हेक्शनची सोय असेल तरच हा पदार्थ करावा. साध्या मायक्रोवेव्हमध्ये तो शिजतो, पण चिवट होतो आणि वरचा तांबूस पापुद्रा काही येत नाही.

ओव्हन नसलेल्या घरी निम्म्या प्रमाणात हा प्रयोग करता येतो. जुन्या कुकरच्या तळाशी वाटीभर जाडे मीठ पसरावे, वर जाळी ठेवावी, झाकणाची रिंग आणि शिट्टी काढून कुकर मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावा. मग लहान साचा आत ठेवून, झाकण लावून मंद आचेवर भाजावे. तासाभराचा वेळ धरून चालावे आणि तिसाव्या मिनिटानंतर अधूनमधून सुरी घालून पाहावे. आत पाणी घालायचे नाही, म्हणून नवा कुकर यासाठी वापरू नये. वरून रंग येणार नाही. तुपावर परतलेला ब्रेडचा चुरा वाढताना पसरला की ती उणीव भरून निघते.

अंडी न खाणाऱ्या घरांनीही निराश होऊ नये. 2 मोठे चमचे लोण्यावर तितकाच मैदा मंद आचेवर परतून, त्यात अर्धा लिटर दूध थोडे थोडे घालून पातळसर पांढरा सॉस करावा. मीठ, मिरपूड आणि चिमूटभर जायफळ घालावे. अंड्यांच्या मिश्रणाऐवजी हा सॉस थरांवर ओतून 180 अंशावर 30-35 मिनिटे भाजावे. यात ब्रेड 7-8 स्लाइसच घ्यावा. अंड्यांसारखे फुगत नाही आणि वड्याही तितक्या ताठ पडत नाहीत, पण वाफाळलेले असताना चमच्याने खायला फार छान लागते. मटार, फरसबी, मक्याचे दाणे वाफवून घातले तर मुले भाज्या वेचून बाजूला काढत बसत नाहीत.

खर्चाचे म्हणाल तर हा रोजचा पदार्थ नव्हे. सहा अंडी, चीज आणि ओव्हनची तासाभराची वीज लागते. महिन्यातून एखाद्या रविवारी किंवा पाहुणे मुक्कामाला असतील त्या सकाळी तो करावा. सोबत हिरवी चटणी हवीच. नुसत्या सॉसबरोबर तो अगदीच मुलांचा खाऊ होतो. उरल्यास झाकून फ्रिजमध्ये ठेवावा, दोन दिवसांत संपवावा. सोमवारी तव्यावर थोड्या लोण्यात वडी दोन्हीकडून शेकली की डब्याला देता येते.

वाढताना एक अडचण येते ती आधीच सांगितलेली बरी. कडेच्या खरपूस वड्या सर्वांनाच हव्या असतात आणि भांड्याला कोपरे चारच असतात. पहिला कोपरा रात्री ज्याने किंवा जिने थर लावले त्याच्या पानात पडावा आणि वाटप त्यानंतर सुरू व्हावे. चहा मात्र दुसऱ्या कुणी तरी ठेवायला हरकत नाही.