घासाघीस जरूर करा, पण कुणाशी?

काल भांडी बाजारात उभा होतो. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा आटोपून आलेली पाहुणे मंडळी. तांब्याच्या एका कळशीवरून वीस मिनिटं घासाघीस. शेवटी तीनशे रुपये पाडले आणि "जमलं!" म्हणत सेल्फी.

काय जमलं हो? ठोक्याचं भांडं वजनावर विकतात, वर मजुरी. तांब्याचा भाव बाजार ठरवतो, दुकानदार आपला नफा सोडत नाही. मग कापलं काय जातं? हातोडी चालवणाऱ्या तांबटाची मजुरी. हीच मंडळी संध्याकाळी वायनरीत बिल न वाचता पैसे देतात.

नुसती पाहुण्यांना नावं ठेवून उपयोग नाही. आपण नाशिककरही तेच करतो. मीही केलंय. आणि वर हळहळायचं, जुन्या नाशकातले ठोके ऐकू येईनासे झाले!

२०२७ चा कुंभमेळा तोंडावर आलाय. घाट, रस्ते, पुलांची कामं निघतायत. तिथं भाव विचारा ना! निविदा कितीची, फरशी कसली, टिकणार किती? तिथं आपण गप्प. आवाज चढतो तो फक्त गरिबाच्या मजुरीवर.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर भांडायला या, चहा माझ्याकडून.