जुन्या टेंपोचे पाटे

अलिबागेपासून श्रीवर्धनपर्यंतचे आमचे बागाईतदार बंधु जुना टेंपो घेतांना इंजिन ऐकतात, टायर पाहतात. खालीं वांकून पाटे मात्र पाहत नाहींत. खाऱ्या वाऱ्यानें लोखंड लवकर गंजतें. त्यांत गाडी पूर्वी मासळीची असल्यास टोपल्यांतून गळलेलें खारट पाणी पाट्यांच्या फटींत मुरलेलें असतें. गंज फुगून पाटे फांकतात, त्यांस खळगे पडतात, तेथूनच चीर जाते. आणि नारळ भरलेल्या गाडीचा पाटा ऐन वळणावर तुटून आंस सरकतो. वरून काळा रंग फांसला म्हणजे यांतलें कांहींच दिसत नाहीं. ८ वर्षांवरील मालगाडीस दरसाल ‘फिटनेस’चा दाखला लागतो खरा, पण तेवढ्यावर विसंबूं नये. पाटे सोडवून पाहूं न देणाऱ्याशीं, गाडी कितीहि स्वस्त असो, सौदाच करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.